जुनं फ्लो सायटोमीटर: ठेवायचं की भंगारात काढायचं?

(कानात इअरफोन घालून ऐकायला ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी हा भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'बरं का' बरेचसे काढून टाकलेत. काही राहिलेत, चालवून घ्या.)

गेल्या काही दिवसांत तुमच्यापैकी दोघा-तिघांनी जवळजवळ एकच मेसेज पाठवलाय. "आमच्या लॅबमधलं फ्लो सायटोमीटर पंधरा-वीस वर्षांचं आहे. त्याची सर्व्हिस बंद झालीय, पार्ट मिळत नाहीत. गाईड म्हणतात, चालतंय ना, मग वापरा. पण त्यावर आलेल्या डेटावर भरवसा ठेवायचा का?" आजचा अख्खा भाग याच प्रश्नावर.

ज्यांनी दहावीनंतर जीवशास्त्राला रामराम ठोकलाय त्यांनी पळून जाऊ नका. दोन मिनिटांत यंत्र समजावून सांगतो.

पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवरचा टोलनाका डोळ्यांसमोर आणा. रुंद रस्त्यावरून मोकाट येणाऱ्या गाड्या रांगेत शिरतात, एकामागून एक स्कॅनरखालून जातात. काचेवरचा फास्टॅग वाचला जातो, गाडी कार आहे की ट्रक हेही कळतं. फ्लो सायटोमीटरमध्ये गाड्यांच्या जागी पेशी असतात. रक्ताचा नमुना एका बारीक नळीतून वर ओढला जातो, त्याच्या भोवतीने मिठाच्या पाण्याचा दुसरा प्रवाह सोडतात. त्याला शीथ म्हणतात. हा बाहेरचा प्रवाह नमुन्याला मध्ये दाबून इतका बारीक धागा करतो की पेशी एकेरी रांगेत लेझरसमोरून जातात. सेकंदाला हजार-दोन हजार सहज. पेशीवर आपटून सरळ पुढे विखुरलेल्या प्रकाशावरून तिच्या आकाराचा अंदाज येतो. बाजूला विखुरलेल्या प्रकाशावरून ती आतून किती दाणेदार आहे ते कळतं. आणि फास्टॅग म्हणजे रंग लावलेली अँटिबॉडी. ती ठरावीक पेशीवरच चिकटते आणि लेझर पडला की चमकते. दोन गाड्या एकमेकींना चिकटून गेल्या तर स्कॅनरला एकच लांब ट्रक वाटेल ना? इथेही तसं होतं, त्याला डब्लेट म्हणतात. त्याच्याकडे नंतर येऊ.

हे यंत्र आलं कुठून, तेही मजेशीर आहे. १९६५ साली अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत मॅक फुलविलर यांनी पेशी वेगळ्या करणारं यंत्र जाहीर केलं. प्रवाहाचे थेंब करून त्यांना विद्युतभार द्यायचा आणि हवे तिकडे वळवायचे, ही त्यातली युक्ती रिचर्ड स्वीट यांच्या इंकजेट छपाईच्या कामातून आली होती. म्हणजे तुमच्या घरचा प्रिंटर आणि पेशी निवडणारं यंत्र तसे चुलतभाऊ. पुढे स्टॅनफर्डमध्ये लेनर्ड हर्झनबर्ग यांच्या गटाने त्याला चमकणाऱ्या रंगांची जोड दिली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक चमकती पेशी मोजत बसण्यातून जगाची सुटका झाली. त्यांना २००६ चा क्योटो पुरस्कार मिळाला.

आता एवढा आटापिटा कशासाठी, हे एका आकड्यावरून सांगतो. एचआयव्हीच्या रुग्णाच्या रक्तात सीडी४ नावाच्या टी-पेशी किती, हे मोजायचं मुख्य साधन हेच. भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी औषधं द्यायला १ एप्रिल २००४ ला सुरुवात झाली. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांमध्ये औषध सुरू करायची मुख्य रेघ घनमिलिमीटरला २०० पेशींवर होती. २०१० मध्ये ती ३५० झाली, २०१३ मध्ये ५००, आणि २०१५ मध्ये रेघच पुसली, निदान झालं की प्रत्येकाला औषध. पण २०१० च्या आधीची ती वर्षं आठवा. लक्षणं नसलेल्या माणसाला गोळ्या आज मिळणार की सहा महिन्यांनी परत यायचं, हे १९० आणि २१० मधल्या फरकावर ठरायचं. तो फरक कोणी ठरवला? टेबलावर घोंघावणाऱ्या एका खोक्याने. आजसुद्धा २०० च्या खाली म्हणजे आजार पुढच्या टप्प्यावर, असंच धरतात.

तर यंत्र म्हातारं होतं म्हणजे नक्की काय होतं?

आधी लेझर. त्या पिढीतल्या बहुतेक यंत्रांत हवेने थंड होणारा अरगॉन लेझर असतो, ४८८ नॅनोमीटरचा, निळसर. याची भूक विलक्षण. १५ मिलिवॅट प्रकाश द्यायला हा साधारण एक किलोवॅट वीज खातो. म्हणजे इस्त्री चालवायची आणि त्यातून काजव्याएवढा उजेड घ्यायचा, असा हिशेब. बाकी सगळी वीज उष्णता होऊन पंख्यातून खोलीत येते. म्हणून या यंत्राच्या खोलीत एसी कायम रडत असतो. लेझरची नळी काही हजार तास चालते. म्हातारी होत गेली की तेवढाच प्रकाश द्यायला जास्त करंट ओढते. एक दिवस करंटची मर्यादा येते, आणि मग प्रकाश उतरायला लागतो. आपल्याकडे त्यात वीज जाण्याची भर. लेझर बंद केल्यावरही पंखा काही मिनिटं चालू राहून नळी थंड व्हावी लागते. अचानक लाइट गेली की पंखाही बंद आणि नळी तशीच तापलेली. यूपीएसची बॅटरी बदलायला कंटाळा करणारी लॅब लेझरचं आयुष्य हाताने कमी करत असते.

मग काचा. रंग वेगळे करणारे फिल्टर म्हणजे काचेवर दिलेले अतिशय पातळ थर. वर्षानुवर्षं दमट हवेत राहिले की ते थर सुटतात, ढगाळ होतात. जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सला पावसाळ्यात बुरशी येते ना, तोच प्रकार. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या लॅबला हे सांगायची गरज नाही. शीथचं खारट पाणी वाळलं की नळ्यांत मिठाचे खडे. फ्लो सेलवर, म्हणजे लेझर जिथे पेशीला भेटतो त्या काचेच्या जागेवर, जुन्या नमुन्यांचा राप. आणि शेवटी डिटेक्टर, ज्याला पीएमटी म्हणतात. तो क्षीण प्रकाश पकडून मोठा करतो. तोही वापराने थकतो.

या सगळ्या दुखण्यांचं लक्षण मात्र एकच: डिटेक्टरपर्यंत प्रकाश कमी पोचतो. आणि इथेच खरी गोम आहे.

प्रकाश कमी झाला तर माणूस काय करतो? पीएमटीचं व्होल्टेज वाढवतो. साधा उपाय आहे, माउसच्या दोन क्लिकवर. पीएमटीचा स्वभाव असा की व्होल्टेज दहा टक्के वाढवलं तर सिग्नल जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे लेझरचा जीव अर्धा गेला तरी व्होल्टेज थोडं चढवलं की स्क्रीनवरचं चित्र पुन्हा जागच्या जागी. सगळे खूश.

आता रात्री फोनवर फोटो काढलेला आठवा. उजेड कमी असला की फोन आयएसओ वाढवतो. फोटो उजळ येतो, पण झूम करून बघितलं तर सगळीकडे दाणे. उजळ केल्याने नवीन माहिती आली नाही, होती तीच ओढून मोठी केली, तिच्यातल्या गोंगाटासकट. पीएमटीत अगदी हेच होतं. हिशेब सोपा आहे. प्रकाश कणाकणाने येतो. एका पेशीकडून सरासरी १०० कण मोजले जात असतील तर निव्वळ योगायोगाने त्यात साधारण १० चा चढउतार असतो, म्हणजे दहा टक्के. २५ च कण आले तर चढउतार ५ चा, म्हणजे वीस टक्के. व्होल्टेज कितीही वाढवा, हे वीस टक्के कमी होत नाहीत. स्क्रीनवरचा डोंगर त्याच जागी उभा राहतो, पण पसरट होतो.

हे पसरणं सगळ्यांना सारखं बाधत नाही. हजारो कण पाठवणारी झगझगीत पेशी थोडी पसरली तरी झगझगीतच दिसते. मार खातात त्या मंद चमकणाऱ्या पेशी. त्यांचा डोंगर पसरत पसरत न चमकणाऱ्यांच्या ढिगात विरघळतो. म्हणून एखादं यंत्र म्हातारं झालंय का, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. कोणत्या प्रश्नासाठी म्हातारं झालंय, असं विचारलं तर उत्तर मिळतं.

आमच्या लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मैत्रिणीची गोष्ट सांगतो, तिला विचारूनच सांगतोय. ती संधिवाताच्या रुग्णांमधल्या नियामक टी-पेशींवर काम करत होती. या पेशी शरीराच्या स्वतःच्याच सैन्याला आवर घालतात. त्या ओळखायच्या तर सीडी४ बरोबर सीडी२५ नावाची खूण बघावी लागते, आणि सीडी२५ ही फार भगभगीत खूण नाही. तिच्यात काळं-पांढरं असं नसतं, हळूहळू चढत जाणारा उतार असतो. दर तीन महिन्यांनी तेच रुग्ण, तेच रंग, तेच यंत्र. वर्षभरात आकडे उतरत गेले. ती आनंदात होती. असा सरळ उतार म्हणजे पेपरच की.

खटका उडाला तो निरोगी लोकांच्या नमुन्यांवरून. तुलनेसाठी तिने चार-पाच जणांचं रक्त अधूनमधून घेतलं होतं. त्यांचेही आकडे उतरत होते. निरोगी माणसांना काय झालं मग?

यंत्र सांभाळणारे आमचे एक दादा आहेत. ते रोज सकाळी बीड्स चालवतात. बीड्स म्हणजे प्लास्टिकचे अतिशय बारीक मणी, सगळे एकसारखे चमकणारे. दादांची एक लांबट वही आहे. तारीख, लेझरचा करंट, प्रत्येक डिटेक्टरचं व्होल्टेज, कोणी यंत्र वापरलं, शीथचा कॅन कधी भरला. त्यात एक रकाना 'शेरा', आणि त्यात 'एसी बंद', 'आवाज येतोय', 'रविवारी कोणीतरी नळी न धुता गेले' अशा नोंदी. आम्ही ती वही टेबलावर पसरली. करंट वर, व्होल्टेज वर. दर आठवड्याला इतकं थोडं की रोज बघणाऱ्याला कळू नये, आणि वर्षाचं एकत्र बघितलं की डोळ्यांत भरावं.

झालं होतं ते असं. मैत्रिणीने पद्धतीप्रमाणे दर वेळी रंग न लावलेल्या नमुन्यावरून रेघ आखली होती, या रेघेच्या वरच्या त्या चमकणाऱ्या. तिचं काम चोख होतं. पण न चमकणाऱ्यांचा ढीग दर महिन्याला पसरत होता, त्यामुळे रेघ दर वेळी थोडी वर सरकत होती. मंद पेशी रेघेखाली राहत होत्या. पेशी होत्या तिथेच होत्या, यंत्राला त्या वेगळ्या दिसेनाशा झाल्या होत्या.

पुढे काय झालं, हे सगळे विचारतात. सीडी३, सीडी४, सीडी८ चे आकडे टिकले. ते रंग इतके भगभगीत होते की फरक पडला नव्हता. सीडी२५ चा उतार गेला. सुदैवाने द्रव नायट्रोजनमध्ये पेशींच्या काही कुप्या गोठवून ठेवल्या होत्या. त्या दुसऱ्या संस्थेतल्या नव्या यंत्रावर एकाच दिवशी, एकाच रंगाच्या कुपीने तपासल्या. उतार नव्हताच. एक प्रकरण गेलं, पीएचडी वाचली. तो प्रबंध तसाच छापला गेला असता तर कोणीतरी पुढे त्यावर औषधाचा विचार केला असता, ते वेगळंच.

आता कामाचं. तुमच्या यंत्राची परीक्षा कशी घ्यायची?

सगळ्यात आधी, व्होल्टेजला हात न लावता बीड्स चालवायला लागा. बहुतेक लॅबमध्ये उलटं करतात. बीड्सचा डोंगर ठरलेल्या जागी येईपर्यंत व्होल्टेज फिरवतात आणि 'पास' लिहितात. ते करा, पण त्याआधी एकदा कालच्याच व्होल्टेजवर चालवून डोंगर कुठे पडतो ते लिहा. यंत्र रोज किती घसरतंय, हे फक्त त्या आकड्यात दिसतं. सोबत सीव्ही लिहा. एकसारख्या हजारो मण्यांना सारखाच आकडा मिळायला हवा, प्रत्यक्षात तो थोडा पसरतो. सरासरीच्या किती टक्के पसरतो, तो सीव्ही. चांगल्या स्थितीतल्या यंत्रावर भगभगीत मण्यांचा सीव्ही दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असतो.

हे आकडे आलेखावर मांडा. सरासरीची आडवी रेघ, वर-खाली मर्यादेच्या रेघा, रोज एक ठिपका. लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी १९५० मध्ये रुग्णालयांच्या लॅबसाठी सुचवलेली पद्धत आहे, अजून तिच्यापेक्षा सोपं काही निघालेलं नाही. एखादा ठिपका मर्यादेबाहेर गेला तर नळीत बुडबुडा असेल, मणी नीट हलवले नसतील. पण सलग दहा ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर सगळे मर्यादेत असले तरी काहीतरी सरकलंय. फोनवर कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये होतं हे. दादांच्या वहीचे फोटो काढून आम्ही तेच केलं.

मग आठ रंगछटांचे मणी मिळतात ते घ्या. एकाच कुपीत आठ प्रकार, अगदी न चमकणाऱ्यापासून डोळे दिपवणाऱ्यापर्यंत. नवं यंत्र आठ डोंगर वेगळे दाखवतं. म्हाताऱ्यावर खालचे दोन-तीन एकमेकांत मिसळतात. वरचे पाच-सहा सुटे दिसतायत आणि तुमचा प्रश्न तिथलाच आहे? मग खुशाल वापरा. तुमचा प्रश्न तळाशी आहे? मग थांबा. खरं सांगायचं तर एवढ्या एका चाचणीवर अर्धा निर्णय होतो.

पेशीचक्राचं काम करत असाल तर आणखी एक तपासा. विभाजनाआधी पेशी आपला डीएनए दुप्पट करते, त्यामुळे दुसरा डोंगर पहिल्याच्या बरोबर दुप्पट जागी यायला हवा. पहिला २०० वर तर दुसरा ४०० वर. तो ३७० वर आला तर यंत्राचं मोजमाप सरळ रेषेत राहिलेलं नाही. इथेच ते डब्लेट आडवे येतात. एकेरी डीएनएच्या दोन पेशी चिकटून गेल्या तर त्यांची बेरीजही दुप्पटच, आणि तुम्हाला वाटतं पेशी विभागायला निघाल्यात. लांब ट्रक आणि चिकटलेल्या दोन कार यांतला फरक स्कॅनरखालून जायला लागलेल्या वेळावरून, म्हणजे सिग्नलच्या रुंदीवरून, कळतो. तो पर्याय चालू आहे ना, बघून घ्या.

नळ्यांची परीक्षा अगदी स्वस्त आहे. भरपूर पेशींचा नमुना चालवा, लगेच पाठोपाठ स्वच्छ पाणी चालवा. पाण्यात पेशी दिसतायत? त्या मागच्या नळीतल्या आहेत. दहा हजारांत एक अशा दुर्मीळ पेशी शोधणाऱ्याला हे घातक. ब्लीच पाच मिनिटं, मग डिस्टिल्ड पाणी पाच मिनिटं, हा रोजचा रिवाज जिथे पाळतात तिथली यंत्रं जास्त जगतात, माझं निरीक्षण आहे. आणि प्रत्येक नमुन्याचा सिग्नल वेळेसमोर मांडून बघा. पट्टा सरळ गेला तर ठीक, मध्येच लचका तोडल्यासारखा दिसला तर बुडबुडा किंवा गुठळी.

जवळपास नवं यंत्र असेल तर एकच रंगवलेली नळी दोन भाग करून त्याच दिवशी दोन्हीवर चालवा. असे वीस-तीस नमुने करा. पण मग लोक सहसंबंध काढतात, ०.९८ आला की नाचतात. नाचू नका. रोज दोन किलो जास्त दाखवणारा वजनकाटा आणि बरोबर काटा यांचा सहसंबंध पूर्ण एक येईल. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हेच समजावलं. दोन यंत्रांतला फरक काढा आणि तो सरासरीसमोर मांडा. फरक सगळीकडे सारखा आहे, की मंद बाजूला वाढतोय? मंद बाजूला वाढत असेल तर तुम्हाला आता कारण माहीत आहे.

जुन्या यंत्रांची एक खोड मात्र बीड्समध्ये कधीच दिसणार नाही. एका रंगाचा प्रकाश शेजारच्या रंगाच्या डिटेक्टरमध्ये सांडतो. हिरवा फिट्सी थोडा नारिंगी पीईच्या खिडकीत शिरतो. ते वजा करणं म्हणजे कॉम्पेन्सेशन. नव्या डिजिटल यंत्रात ही वजाबाकी नंतर संगणकावर होते, चुकली तर परत करता येते. जुन्या ॲनालॉग यंत्रात ती सर्किटमध्येच होते, फाइल लिहिली जायच्या आधी. एकदा जास्त वजा झालं की झालं, पाच वर्षांनी कितीही हुशार सॉफ्टवेअर आणा, मूळ आकडा परत येत नाही. म्हणून जुन्यावर बसलात तर एकेका रंगाच्या कंट्रोल नळ्या रोज लावा, कालची सेटिंग उघडून काम उरकू नका. त्यातही जुनं यंत्र प्रकाशाची मोजपट्टी १,०२४ घरांत बसवतं, नवं २,६२,१४४ घरांत. रेघ चुकली तर दुरुस्तीला जागा तशीही कमी.

आणि संगणक. माझ्या मते यंत्र मरतं ते बऱ्याचदा लेझरने नाही, त्याला जोडलेल्या जुनाट संगणकाने. ठरावीक ऑपरेटिंग सिस्टिम, ठरावीक कार्ड, नवा संगणक जोडता येत नाही. सुरक्षेचे अपडेट येत नाहीत म्हणून इंटरनेट तोडलेलं, मग डेटा बाहेर काढायची कसरत. एक बरं आहे, या क्षेत्रातल्या लोकांनी १९८४ मध्येच एफसीएस नावाचा सामायिक फाइल प्रकार ठरवला. त्यामुळे तीस वर्षांपूर्वीची फाइलसुद्धा आजच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडते. फाइल हातात असली तर.

मग ठेवायचं की काढायचं? पैशांची बाजू बघू. नव्या यंत्राला कित्येक लाखांपासून कोटीच्या वर लागतात, आणि निविदा, मंजुरी यांत वर्ष जातं. म्हणून 'चालतंय ना' म्हणणाऱ्या गाईडना मी हसणार नाही. पण अँटिबॉडीची एकेक कुपी काही हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत जाते, आणि रुग्णाचं रक्त तर पुन्हा मिळत नाही. मंद खुणा असलेला प्रकल्प थकलेल्या यंत्रावर करणं ही काटकसर नाही.

उलट, भगभगीत प्रश्नांना म्हातारं यंत्र वर्षानुवर्षं पुरतं. पेशीत जनुक घातलं आणि ती हिरवी चमकली का, जिवंत किती मेल्या किती, सीडी४ आणि सीडी८ चं प्रमाण. सीडी४ चं उदाहरण फार बोलकं आहे. टी-पेशींवर सीडी४ लख्ख असतो, मोनोसाइटवरही असतो पण मंद, आणि सीडी३ लावला की दोघं सुटे होतात. एकूण संख्येसाठी नळीत मोजून टाकलेले मणी असतात. पेशी आणि मणी यांचं गुणोत्तर काढायचं, त्यामुळे प्रवाह थोडा मंदावला तरी उत्तर बदलत नाही. तिथे चूक होते ती बहुधा पिपेटमध्ये. ५० मायक्रोलिटर रक्त म्हणून ४५ घेतलं तर सरळ दहा टक्के कमी, मग यंत्र कालच आणलेलं का असेना.

आमच्या यंत्राचं काय झालं? समितीने ते निर्लेखित केलं नाही. त्याच्यावर एक कागद चिकटवलाय: कुठले रंग, कुठली कामं चालतील, कुठली नाही. सहा महिन्यांनी दादा तो बदलतात. मागच्या वेळी एक ओळ कमी झाली.

जाता जाता एक मेसेज राहिलाच. नाशिकच्या एका श्रोत्याने विचारलंय, कॉलेजला असं एक जुनं यंत्र जवळजवळ फुकट मिळतंय, घ्यावं का? शिकवायला घ्या, पण आणायच्या आधी स्वतः जाऊन बघा. लेझर किती तास चाललाय ते विचारा आणि करंट बघा. आठ छटांचे मणी सोबत न्या, तुमच्या समोर चालवायला लावा. फिल्टर काढून उजेडासमोर धरा. तशाच मॉडेलचं बंद पडलेलं दुसरं यंत्र कुठे पडून असेल तर तेही मागून घ्या, पार्टला होईल. एसी आणि यूपीएसचा खर्च आधी मंजूर करून घ्या. आणि यंत्र गाडीत चढवण्याआधी संगणकाच्या हार्ड डिस्कची प्रत काढा, दोन प्रती. ती डिस्क रस्त्यात गेली तर तुमच्याकडे फक्त एक जड खोकं पोचेल. लॉगबुकही मागा. देणारे म्हणतील, जुनी वही कशाला हवी. तरी मागा.

चला, भेटू पुढच्या भागात.